फाल्कोनेची उजवी बाजू

"पार्किंग मागच्या बाजूला आहे, बाबा. ड्रायव्हर लोकांचा चहाही तिकडंच," असं म्हणत गेटवरच्या माणसानं आबांचा दंड धरून त्यांना वळवलं, आणि माझं डोकं तिथंच तापायला सुरुवात झाली.

"ड्रायव्हर मी आहे," मी म्हणाले. "हे माझे वडील. गाड्या बघायला आलेत. हात काढा आधी."

त्यानं माझ्याकडं बघितलं, आबांच्या टोपीकडं बघितलं आणि हात काढला. सॉरी वगैरे काही म्हणाला नाही.

"वैजू," आबा हळूच म्हणाले, "गाडीत काय ठरलंय आपलं?"

गाडीत असं ठरलं होतं, की मी तोंड उघडायचं नाही. कोल्हापूर ते पुणे या प्रवासात आबांनी हे माझ्याकडून तीनदा वदवून घेतलं होतं आणि मीही तीनदा हो म्हटलं होतं. डिकीत पोत्यात गुंडाळून मी काय आणलंय, ते मात्र त्यांना सांगितलं नव्हतं.

दोन हजार अकराचा जानेवारी होता. पुण्यातल्या एका मोठ्या हॉटेलच्या हिरवळीवर जुन्या मोटारी आणि मोटारसायकलींचा लिलाव होता. पेपरात त्यातल्या एका गाडीचा फोटो आला होता, खाली 'तज्ज्ञांनी तपासलेली, इंजिनासकट मूळ' असं लिहिलेलं. मी तो आबांपुढं धरला तेव्हा त्यांनी चष्मा पुसून बराच वेळ बघितला आणि म्हणाले, "जाऊन बघून येऊ या का?" सत्याहत्तर वर्षांचा माणूस, गुडघे दुखतात म्हणून रंकाळ्यापर्यंत यायला कुरकुर करणारा, पुण्याला जाऊ म्हणाला. वर आदल्या संध्याकाळी दाढी करून आला आणि ठेवणीतला पांढरा शर्ट इस्त्रीला देऊन आला. "कुणाच्या लग्नाला निघालाय?" मी चिडवलं, तर हसले नुसते. मला वाटलं, बिचाऱ्याला आत कुठंतरी लागलंय. दाखवत नाही.

लागायलाच पाहिजे होतं. मला तर आठ दिवस झोप नव्हती.

हिरवळीवर दोऱ्या बांधून गाड्या उभ्या केल्या होत्या आणि प्रत्येकीपुढं इंग्रजीत एकेक फलक. सतरा नंबरला ती होती. लाल. सिलिंडर आपल्या बुलेटसारखा उभा नाही, पुढच्या चाकाकडं तोंड करून आडवा झोपलेला. डाव्या अंगाला जेवणाच्या ताटाएवढं उघडं फ्लायव्हील. मोटो गुझ्झी फाल्कोने, एकोणीसशे त्रेपन्न. फाल्कोने म्हणजे ससाणा, असंही लिहिलं होतं. आमच्या घरी आई तिला सवत म्हणायची.

"वाच की," आबा म्हणाले.

मी मराठी करून वाचलं. "इंजिन मूळ, कारखान्यातून आलं तसं. तज्ज्ञाकडून तपासलेलं. संपूर्ण पुनर्बांधणी मालक श्री. इंद्रजित सरनोबत यांनी स्वतः, अकरा वर्षांच्या परिश्रमानं."

"इंजिन मूळ?" आबा म्हणाले. "तसंच लिवलंय? परत वाच."

मी परत वाचलं. माझा आवाज चढला असावा, कारण दोघंतिघं वळून बघायला लागले.

हा श्री. इंद्रजित सरनोबत, ज्यानं अकरा वर्षं परिश्रम केले म्हणे, त्यानं या गाडीचा एक नटसुद्धा फिरवलेला नाही. त्र्याऐंशी साली त्याचे वडील, थोरले सरकार, पन्हाळ्याच्या उतारावर ही गाडी घेऊन घसरले. गाडी दगडावर आदळली आणि इंजिनाची उजवी बाजू फुटली. नुसती चीर नव्हे, तीन तुकडे. तिकडं इटलीत तो भाग तयार होणं केव्हाच थांबलं होतं. मुंबईच्या दोन मोठ्या गॅरेजांनी हात जोडले. मग ते तुकडे टोपलीत घालून थोरले सरकार कोल्हापूरच्या कारखान्यांच्या वस्तीत, उद्यमनगरात, आमच्या दारात आले. माझे वडील यशवंत पांचाळ पॅटर्नमेकर. म्हणजे जी वस्तू धातूची ओतायची, ती आधी लाकडात करायची. ते लाकूड वाळूत दाबायचं, काढून घ्यायचं, आणि राहिलेल्या पोकळीत वितळलेला धातू ओतायचा. आबा पंपांचे पॅटर्न करायचे. मोटारसायकलीचं इंजिन त्यांनी कधी केलं नव्हतं.

चौदा महिने लागले. दिवसभर पंप, आणि संध्याकाळी ही बया. सागवानातून त्यांनी ते तुकडे जोडून, मोजून, पुन्हा मोजून ती बाजू कोरली. धातू हलका आणि कडक पाहिजे म्हणून गावातल्या गॅरेजांतून जुने पिस्टन गोळा केले आणि ते वितळवले. फुटलेले मूळ तुकडेही त्यातच घातले. पहिलं ओतकाम फिसकटलं, भोकं पडली. दुसऱ्या वेळी वाळू ओली राहिली, धातू उसळला आणि आबांच्या पायावर आला. मी तेव्हा दहा वर्षांची. चप्पल पायाला चिकटलेली मला अजून दिसते. तिसरं फसलं, चौथं फसलं. पाचवं निघालं. मग दोन महिने कानस आणि पॉलिश. तो पाय ते अजूनही जरा ओढत चालत होते, त्या हिरवळीवरसुद्धा. थोरले सरकार गाडी घेऊन गेले, ठरली होती ती मजुरी दिली, आणि त्यानंतर त्या घरातून आमच्याकडं कधी कुणी फिरकलं नाही. आई शेवटपर्यंत त्या घराण्याचा उद्धार करायची. तो राग मी तिच्याकडून जसाच्या तसा घेतला होता, आणि तो पॅटर्नही मी माळ्यावर जपून ठेवला होता. कारण आबा थकल्यापासून तो धंदा मीच चालवते. उद्यमनगरात बाई पॅटर्नमेकर मी एकटी.

"काका, फोटो काढायचाय का? या, या. हँडलला हात लावू नका फक्त."

इंद्रजित सरनोबत स्वतःच आला होता. फिकट रंगाचा कोट, गळ्यात रुमाल. आबांकडं बघून तो छान हसला, आणि त्याला काहीही आठवलं नाही.

"तुमचीच गाडी?" आबांनी विचारलं.

"वडिलांची. पण पार खिळखिळी झाली होती हो. हिला उभी करायला माझी अकरा वर्षं गेली."

"इंजिन उघडलं होतं तुम्ही?" मी विचारलं. गाडीत दिलेलं वचन पाळत मी फक्त प्रश्न विचारला होता.

"अर्थात. शेवटच्या स्क्रूपर्यंत."

"कुठल्या हातानं?"

"वैजू!" आबांनी माझ्या मनगटाला धरलं. इंद्रजितला कुणीतरी हाक मारली आणि तो गेला. मी दात आवळून उभी राहिले. खोटं बोलायला माणसाला निदान घाम तरी यावा. याच्या कपाळावर सुरकुती नव्हती.

मग लोबो आले. साठी उलटलेले, वांद्र्याचे, गळ्यात दोरीला लटकवलेलं भिंग. फलकावरचे तज्ज्ञ ते हेच. ते गाडीपाशी वाकून काहीतरी बघत होते, तेवढ्यात आबा पुढं झाले. मला आश्चर्य वाटलं, कारण अनोळखी माणसाशी आबा आपणहून कधी बोलत नाहीत.

"साहेब, एक विचारू? ही उजवी बाजू. ही बी तिकडचीच?"

"हो बाबा," लोबो सरळ होत म्हणाले. मराठी मुंबईचं, पण स्वच्छ. "सगळं तिकडचंच."

"न्हाई, म्हणजे मधी कधी बदललेली असली तर?"

"बदललेली असती तर मला कळलं असतं. दोन दिवस भिंग घेऊन बसलोय मी हिच्यापुढं. अशी वीस इंजिनं मी माझ्या हातानं उघडलीत. नंबर डाव्या बाजूला आहे, तो कागदांशी जुळतो. आणि उजवीचं हे ओतकाम बघा. ही धार, हा गोलवा. हे इटलीचंच."

"नक्की?"

"शंभर टक्के. असलं काम आपल्याकडं होत नाही, बाबा. आपल्या लोकांच्या हाताला ही सफाईच नाही."

आबांनी मान खाली घातली. त्यांनी खिशातून रुमाल काढला, चष्मा कपाळावर सरकवला आणि डोळे पुसले. मग त्या लाल गाडीकडं पाठ करून ते चालायला लागले, पाय ओढत, आणि शेवटच्या रांगेतल्या एका खुर्चीवर जाऊन बसले.

त्यानंतर मला कुणी थांबवू शकलं नसतं. आई जिवंत असती तर तिलाही जमलं नसतं. पाय भाजून घेतलेल्या माणसाला, त्याच्याच कामापुढं उभा करून, तुझ्या हाताला सफाई नाही म्हणून सांगायचं! आणि ज्याच्या हाताला कधी काळं ऑइल लागलं नाही, त्याचं नाव फलकावर! मी थेट पार्किंगमध्ये गेले, डिकी उघडली आणि पोतं खांद्यावर घेतलं.

बोलायचं ते सगळ्यांसमोरच, म्हणून सतरा नंबरची पाळी येईपर्यंत मी तिथंच थांबले. परत आले तेव्हा लिलाव सुरू होऊन तासभर झाला होता आणि सतरा नंबर मंचावर होता. लिलाव पुकारणारा माणूस माइकवर आकडे वाढवत होता. पुढच्या रांगांतून हात वर जात होते. एक, दोन, आणखी एक पलीकडून. इंद्रजित मंचाच्या कडेला हाताची घडी घालून उभा होता.

"थांबा," मी म्हणाले. कुणाला ऐकू गेलं नाही. मग मी उद्यमनगरात भट्टीच्या आवाजावर ओरडतात तशी ओरडले. "थांबवा ते! फलकावर लिहिलंय ते खोटं आहे!"

सगळी हिरवळ माझ्याकडं वळली. मी मंचाजवळ गेले आणि पोत्याचं तोंड सोडलं. सागवानी पॅटर्न, त्यावर अठ्ठावीस वर्षांचा जुना लाल रंग. मी तो टेबलावर ठेवला.

"या इंजिनाची उजवी बाजू इटलीत झालेली नाही. कोल्हापुरात, उद्यमनगरात झाली. यशवंत पांचाळ यांनी केली. हा तिचा पॅटर्न."

इंद्रजितच्या चेहऱ्यावरचा रंग क्षणभर उडाला, मी बघितलं. म्हणजे त्याला माहीत होतं. कुठंतरी ऐकलेलं, घरात कुजबुजलेलं असेल, पण माहीत होतं. मग तो पुढं आला, तो पॅटर्न उचलला आणि इंजिनाला लावून बघितला.

"हे बघा," तो लोकांना म्हणाला, "बसतसुद्धा नाही. ह्याचं माप मोठं आहे. बाई, खोटं आणायचं तर निदान मापाचं तरी आणायचं होतंत."

लोक हसले. पुढच्या रांगेतल्या एका बाईंनी डोळ्यांवरचा काळा चष्मा काढून माझ्याकडं बघितलं आणि परत लावला.

"मोठंच असणार!" मी म्हणाले. "धातू थंड होताना आक्रसतो. जेवढा आक्रसणार तेवढा पॅटर्न आधीच मोठा करावा लागतो. आमची मोजपट्टीच वेगळी असते. तिच्यावरचा फूट खऱ्या फुटापेक्षा मोठा असतो, ॲल्युमिनियमला जवळपास चार मिलिमीटरनं. हा पॅटर्न या इंजिनाला फिट्ट बसला असता, तर तो खोटा ठरला असता. तुम्ही शेवटच्या स्क्रूपर्यंत इंजिन उघडलंय ना, सरनोबतसाहेब? मग हे तुम्हाला माहीत नाही?"

आता हसण्याचा आवाज दुसऱ्या बाजूनं आला.

लोबो मंचावर चढले. त्यांनी खिशातून बारीक मापं घ्यायचा व्हर्निअर काढला, पॅटर्नवरच्या दोन टोकांच्या उंचवट्यांमधलं अंतर घेतलं, मग इंजिनावरचं घेतलं. दोनशे चौतीस मिलिमीटर आणि दोनशे एकतीस. मग आणखी एका जागी, मग आणखी एका. पाकिटाच्या मागं आकडेमोड केली. त्यांचं कपाळ घामानं चमकायला लागलं. कुणाला तरी घाम आला याचं मला बरं वाटलं.

"पॅटर्न खरा आहे," ते शेवटी म्हणाले. "याच भागाचा आहे. सगळीकडं एकाच प्रमाणात मोठा आहे."

"पण म्हणून हाच भाग त्यातून निघाला असं कुठं ठरतं?" इंद्रजित म्हणाला. "कुणीही नक्कल करायला पॅटर्न करेल. मूळ फुटलेला भाग कुठं आहे? दाखवा की."

मूळ भाग कुठून दाखवणार? तो वितळून त्या नव्या बाजूतच गेलेला. मी तसं सांगितलं. माझं मलाच ते लंगडं वाटलं. पुकारणाऱ्या माणसानं घड्याळ बघितलं. दोन पहारेकरी माझ्या दिशेनं निघाले होते.

"एक मिनिट," लोबो म्हणाले. "हा पॅटर्न ज्यांनी केला ते आहेत का इथं?"

"आहेत," मी शेवटच्या रांगेकडं बोट केलं. "ते बसलेत."

लोबो मंचावरून उतरले आणि खुर्च्यांमधून आबांपर्यंत चालत गेले. लोक माना वळवून बघत होते. मघाशी आपण याच म्हाताऱ्याशी बोललो, हे लोबोंच्या ध्यानात आलं असणार, कारण आबांपुढं ते जरा घुटमळले.

"मिस्त्री," ते म्हणाले, "कागदावर माझी सही आहे. हे ठरवायला आता दुसरं काही नाही. तुम्ही हो म्हणाल तर हो, नाही म्हणाल तर नाही. ती बाजू तुम्ही केलीत?"

आबा उठून उभे राहिले. त्यांनी आधी मंचावरच्या गाडीकडं बघितलं, चांगलं बराच वेळ. मग माझ्याकडं बघितलं. मी पॅटर्नवर हात ठेवून उभी होते आणि मनात म्हणत होते, बोला, आबा. एकदा तरी छाती पुढं काढून बोला.

"व्हय," आबा म्हणाले. "मी केली ती. पोरगी खरं सांगतीय."

लोबोंनी खिशातून पेन काढलं. हातातल्या कागदावर त्यांनी वरची एक ओळ शोधली आणि तिच्यावर आडवी रेघ मारली.

"साहेब, ऱ्हाऊ द्या की ते," आबा म्हणाले.

"नाही राहू देता येत, मिस्त्री," लोबो म्हणाले आणि मंचाकडं परत गेले.

मला वाटलं, हा आबांचा नेहमीचा भिडस्तपणा.

पुकारणाऱ्या माणसाशी थोडी कुजबुज झाली. मग त्यानं माइक हातात घेतला आणि हिरवळीच्या चारही कोपऱ्यांतल्या कर्ण्यांमधून आवाज आला. सतरा नंबरच्या माहितीत दुरुस्ती आहे. इंजिनाची उजवी बाजू मूळ नाही, ती कोल्हापूरचे कारागीर यशवंत पांचाळ यांनी हातानं बनवलेली आहे. आई, ऐकतेस का, मी मनात म्हणाले. कोल्हापूरचे यशवंत पांचाळ. पुण्यात, इंग्रजीत, कर्ण्यावर.

"या दुरुस्तीसह बोली पुढं चालू," तो म्हणाला आणि मघाचाच आकडा पुकारला.

एकही हात वर गेला नाही.

त्यानं आकडा खाली आणला. नाही. निम्म्यावर आणला. पुढच्या रांगेतले लोक आपापल्या पुस्तिकेत अठरा नंबर बघायला लागले होते. मधल्या रांगेतून कुणीतरी म्हणालं, "कोल्हापुरी आहे होय? मग जोडीला चपला फुकट मिळणार का?" आणि जो हशा पिकला तो मघाच्यापेक्षा मोठा होता. मी तो माणूस शोधत राहिले, पण सगळेच हसत होते. सकाळी याच लोकांनी त्या बाजूवरून बोटं फिरवून वाहवा केली होती. तीच बाजू, तीच धार, तोच गोलवा.

"सतरा नंबर मागं घेतला," पुकारणारा म्हणाला. चार माणसांनी गाडी ढकलत मंचावरून खाली नेली.

इंद्रजित माझ्याजवळून जाताना थांबला. "झालं समाधान? काय मिळवलंत?"

"नाव," मी म्हणाले. "आमचं होतं ते परत घेतलं. तुम्ही चोरलं होतंत."

"मी चोरलं तेव्हा त्याला किंमत होती," तो म्हणाला आणि गेला. त्याच्या थोबाडीत मारावी असं मला वाटलं, आणि मारली नाही याचं मला आजही वाईट वाटतं.

मी पॅटर्न पोत्यात घातला. आबा खुर्चीवर नव्हते. ते पार्किंगमध्ये आमच्या गाडीपाशी, उन्हात, टोपी हातात घेऊन उभे होते.

"माणसं नाहीत ही," मी डिकी उघडत म्हणाले. "हरामखोर आहेत सगळे. पण आबा, कर्ण्यावर नाव घेतलं तुमचं. ऐकलंत ना? लोबोनं सही मागं घेतली. आता कुणाच्या बापाची टाप नाही म्हणायची, की..."

"कुणी सांगितलं हुतं तुला?"

मी वळले. आबांचा चेहरा लालबुंद झाला होता. उभ्या जन्मात या माणसानं माझ्यावर आवाज चढवला नव्हता. पॅटर्नवर माझी पटाशी घसरली, लाकूड वाया गेलं, तरी कधी नाही.

"तुला गप ऱ्हायला सांगितलं हुतं का न्हाई? तीनदा सांगितलं हुतं!"

"गप राहू? तो माणूस तुमच्या तोंडावर म्हणाला, आपल्या लोकांच्या हाताला सफाई नाही! तुम्ही रडलात, आबा. मी बघितलं ना. तुमचा एवढा अपमान..."

"अपमान?" आबांनी टोपी गाडीच्या बॉनेटवर आपटली. "अगं, वीस इंजिनं उघडलेला माणूस त्यो. दोन दिस भिंग लावून बसला हुता. आणि माझ्या कामावर बोट ठेवून म्हणाला, ही बाजू इटलीचीच. शंभर टक्के म्हणाला. व्हय, रडलो मी. रडणार न्हाई तर काय करणार? तुम्हाला कवा बोललो न्हाई, पर थोरलं सरकार मरेपातूर निरोप धाडायचं मला, मिस्त्री, नवी बाजू कुठली तेवढी येऊन दाखवून जावा, ठाऊक असून आम्हाला वळखू येत न्हाई. मी गेलो न्हाई. दाखवली न्हाई. आणि तुला काय शिकवलं मी? आपलं काम कवा चांगलं म्हणायचं?"

उत्तर मला येत होतं. लहानपणी लाकडाचा भुसा झाडताना ते मी शंभरदा ऐकलं होतं. आपला हात लागलाय हे बघणाऱ्याला कळलं नाही, म्हणजे काम चांगलं.

"इतकी वर्सं," आबा म्हणाले, "मी वाट बघत हुतो. कुणीतरी जाणता माणूस यावा, त्यानं ती बाजू निरखून बघावी, आणि त्यो फसावा. पेपरात वाचलं तवा कळलं, फसलाय. म्हणून आलो मी हितं. त्याच्या तोंडनं ऐकायला. नाव कुणाचं का लागंना त्या फळीवर, त्या पोराचं लागंना. 'इंजिन मूळ' लिवलं हुतं न्हवं? ते माझंच न्हवं काय? सकाळी दहाला मला मिळालं ते, आणि बारा वाजता तू पोतं घेऊन आलीस."

पण माझी जीभ अजून जागेवर होती. आणि रागात माणूस जे बोलतो ते मी बोलले.

"मग नाही म्हणायचं होतंत! त्यानं तुम्हालाच विचारलं होतं. पुरावा कुठं होता माझ्याजवळ? तुम्ही एकदा नाही म्हणाला असतात, तर त्याची सही तशीच राहिली असती. मला हाकलून दिलं असतं आणि गाडी मूळ म्हणून विकली गेली असती. मिळालं असतं की सगळं तुम्हाला! का म्हणालात हो?"

आबांचा राग तसाच होता. तो कमी झाला असता तर मला सोपं गेलं असतं.

"एवढ्या माणसांत," ते म्हणाले, "माझ्या पोरीला खोटी पाडू?"

मी डिकी बंद केली. आबांनी टोपी उचलून डोक्यावर घातली आणि मागचं दार उघडून आत बसले. कोल्हापूरपर्यंत मी एकटीच पुढं होते. सरनोबतवर, लोबोवर, त्या चपला मागणाऱ्या माणसावर चिडायचा मी पुष्कळ प्रयत्न केला. साताऱ्याच्या पुढं तोही जमेना.